जिपडं दारात, नाव दुसऱ्याचं

पैसे देऊन झाले, किल्ली हातात आली, जिपडं दारात येऊन उभं राहिलं. आरसीवर मात्र अजून आधीच्या मालकाचंच नाव. जुनी थार, जिप्सी, गुरखा, एमएम ५४० किंवा त्याहून जुनी विलीज घेतलेल्या कितीतरी घरांत महिनोन्‌महिने हीच स्थिती असते. विकणारा फोन उचलत नाही, एजंट ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणतो आणि गाडी दर रविवारी डोंगरात जातच राहते. गाडी घेण्याआधी काय बघावं याचे सल्ले पुष्कळ मिळतात. गाडी घेऊन झाली, कागद अडले, तर पुढे काय करायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही. त्या अडकलेल्या माणसासाठी हा लेख आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ज्याच्या नावावर गाडीची नोंद, तो मालक. तुम्ही दिलेले पैसे, व्हॉट्‌सॲपवरचे फोटो, स्टँप पेपरवरचा करार हा सगळा व्यवहाराचा पुरावा आहे. मालकी मात्र नोंदीतच राहते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाम सांगितलं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच आली. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाऱ्याचा धोका तुमच्याइतकाच, किंबहुना तुमच्याहून मोठा आहे. अडलेल्या व्यवहारात तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. विकणाऱ्याला ‘माझं काम करून द्या’ म्हणून विनवू नका. ‘उद्या माझ्या हातून अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येईल’ असं शांतपणे, लेखी सांगा. टाळाटाळ करणारे बहुतेक लोक इथे जागे होतात.

कायद्याचं कलम ५० मुदतीही सांगतं. गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवसांत. आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या भागातल्या आरटीओकडे अर्ज करायचा. मुदत उलटली म्हणून दार बंद होत नाही. उशिराचा दंड भरून काम होतं. त्यामुळे वर्ष गेलं तरी हातपाय गाळू नका, पण आणखी एक महिनाही घालवू नका.

पहिलं काम घरी बसून होतं. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि जे दिसेल ते शब्दन्‌शब्द उतरवून घ्या: मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, पासिंग कधीपर्यंत, विमा, पीयूसी, कर, बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, इंधन कोणतं, गाडीचा वर्ग कोणता. मग मूळ आरसी बाजूला ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलानच्या पानावर थकीत दंड बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर चोरीच्या गाड्यांची पडताळणी होते, तीही करा. एवढं केल्यावर आपलं काम नेमकं कुठे अडलंय ते कळतं: माणसाकडे, बँकेकडे, दुसऱ्या राज्यात, की गाडीच्या लोखंडातच. ‘पेपरचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच म्हणत एजंटाकडे गेलात तर तो त्याच्या सोयीचं उत्तर देईल आणि त्याच्या सोयीचे पैसे सांगेल. एजंट लावण्यात गैर काही नाही, पुष्कळ एजंट कामाचे आणि सरळ असतात. पण अर्जाचा क्रमांक तुमच्याकडे हवा आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे हे तुम्हाला स्वतः बघता यायला हवं.

सगळ्यात जास्त गाड्या अडतात त्या ओपन टीटी फॉर्ममुळे. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घेतलेली, घेणाऱ्याची जागा कोरी, तारीख कोरी. जिपडं अशा कोऱ्या कागदांवर तीन-चार हात फिरलेलं असतं. तुम्हाला विकणारा माणूस आणि आरसीवरचा माणूस यांची कधी गाठच पडलेली नसते. पूर्वी अशी कामं सहीच्या जोरावर निभावून जायची. आता मालकाच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तिथे कोऱ्या फॉर्मची ताकद संपते. उपाय एकच, आरसीवरच्या माणसापर्यंत पोचायचं. आरसीवर पत्ता असतो. तिथे स्वतः जा. तो राहायला दुसरीकडे गेला असेल तर सोसायटीचा वॉचमन, शेजारी, गावातला तलाठी, जुना गॅरेजवाला यांच्याकडून माग लागतो. माणूस भेटला की हातात गाडीचे फोटो, आधीच्या व्यवहारांच्या पावत्या आणि भरायचा अर्ज घेऊनच बसा. त्याला आरटीओच्या खेपा घालायला लावू नका. ऑनलाइन अर्ज त्याच्यासमोर भरा, ओटीपी तिथल्या तिथे घ्या, सह्या तिथेच करून घ्या. अशा माणसाला पुन्हा बोलवावं लागलं की दुसऱ्यांदा तो येईलच असं नाही.

सहीचा घोळ वेगळाच असतो. २००३ साली गाडी घेताना मालकाने मराठीत सही केलेली असते, आता बँकेमुळे त्याची सही इंग्रजीत झालेली असते. आरटीओतला कारकून दोन्ही सह्या शेजारी ठेवतो आणि फाइल परत करतो. अशा वेळी मालकाचं प्रतिज्ञापत्र, बँकेने सही साक्षांकित करून दिलेलं पत्र आणि ओळखपत्र घेऊन मालकालाच एकदा प्रत्यक्ष उभं करणं हा सरळ मार्ग. सही ‘बसवून देणारे’ लोक आरटीओच्या बाहेर भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नका. खोट्या सहीवर मिळालेलं नाव उद्या गुन्ह्याचा पुरावा होतं.

मूळ आरसीच हरवली असेल तर दुय्यम प्रत फॉर्म २६ ने मिळते, पण अर्ज नोंदणीकृत मालकानेच करायचा असतो, सोबत पोलिसांकडे हरवल्याची नोंद. तुम्ही कितीही पैसे मोजलेले असोत, हा अर्ज तुमच्या नावाने होत नाही. म्हणून मालक एकदा हाताशी आला की दुय्यम आरसी, बोजा उतरवणं आणि नाव बदलणं ही सगळी कामं एकाच दमात उरकून घ्या.

मालक वारला असेल तर फॉर्म २९-३० उपयोगाचे नाहीत, त्याने हयातीत सह्या करून ठेवल्या असल्या तरी. आधी गाडी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने चढते, मग वारसाकडून तुमच्या नावावर येते. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. इथे खरी अडचण घरातल्या माणसांची असते. एक भाऊ गावाला, बहीण लग्न होऊन दुसरीकडे आणि दोघांचं आपसात बोलणं नाही. घाईने एकाच मुलाची सही घेऊन काम उरकायचा मोह होतो, तो टाळा. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत वेळ लागू द्या. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं, तसं ते लावलेलं असेल तर हाच प्रवास पुष्कळ सोपा होतो.

बोजा म्हणजे आरसीवर चढलेलं कर्ज. कर्ज फेडून पंधरा वर्षं झालेली असतात, पण फेडल्यावर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र आरटीओत द्यायचं राहून गेलेलं असतं. बँक अजून असेल तर काम दोन-चार आठवड्यांचं. बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर लोक गोंधळतात. विजया आणि देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत आणि कॉर्पोरेशन व आंध्रा युनियन बँकेत १ एप्रिल २०२० ला गेल्या. जुन्या बँकेचं कर्ज खातं नव्या बँकेच्या नोंदीत शोधावं लागतं. त्यासाठी मालकाचा कर्ज खाते क्रमांक, शेवटच्या हप्त्याची पावती, जुनं पासबुक, जे सापडेल ते घ्या आणि शाखेत लेखी अर्ज द्या. तोंडी चौकशीवर कुणी जुन्या फायली उघडत नाही. कर्ज पतसंस्थेचं असेल आणि पतसंस्था अवसायनात निघाली असेल तर संस्थेचा अवसायक हे पत्र देऊ शकतो. तो कोण आहे ते तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळतं. हे काम रेंगाळतं, पण होतं.

दुसऱ्या राज्यातल्या गाडीची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात आलेली कितीतरी चांगली ऑफरोड वाहनं बाहेरची असतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४-१५ मध्ये निर्बंध आणले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले, आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे यायला लागल्या. अशा गाडीचा जीव एका कागदात असतो, मूळ आरटीओच्या ना-हरकत दाखल्यात, म्हणजे फॉर्म २८ मध्ये. तो दाखला कुठल्या आरटीओच्या नावाने काढलाय ते आधी वाचा. नाशिकच्या नावाने काढलेल्या दाखल्यावर कोल्हापुरात नोंद होत नाही. मूळ आरटीओकडून तो बदलून आणावा लागतो. तिथे नोंदणीच रद्द झालेली असेल तर दाखला मिळण्याची शक्यता आधी लेखी तपासा, मगच इकडच्या खर्चात पडा. दाखला आल्यावर इथला कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. इथली नवी आरसी मिळाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

सिंधुदुर्गात, कोल्हापुरात गोवा पासिंगच्या गाड्या वर्षानुवर्षं फिरताना दिसतात आणि ‘काही होत नाही’ असं त्यांचे मालक सांगतात. कायदा सांगतो की बाहेरच्या राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंद घ्यायलाच हवी. पथकाने अडवलं की कर, दंड आणि गाडी जमा असं सगळं एकदम अंगावर येतं. गोव्याची गाडी घेतली असेल तर मालक जवळ आहे, सीमा दोन तासांवर आहे. हे काम लांबणीवर टाकायला काहीच कारण नाही.

पश्चिम महाराष्ट्रात वडापला धावलेल्या कमांडर आणि ट्रॅक्स आता हौसेने घेतल्या जातात. त्या प्रवासी वाहन म्हणून नोंदलेल्या असतील तर आधी परमिट जमा करायचं, कराचा फरक भरायचा, वर्ग बदलून खासगी करायचा आणि मगच नाव बदलायचं. विकणाऱ्याने ‘फक्त पाटी पांढरी करायची’ असं सांगितलेलं असतं. पाटी रंगवून वर्ग बदलत नाही.

आता लोखंडाकडे वळू. चासी नंबर हीच गाडीची ओळख. इंजिन बदलता येतं, हूड बदलतं, रंग बदलतो, चासी नंबर बदलत नाही. आणि ऑफरोड गाड्यांत नेमका तोच जागेवर नीट दिसत नाही. कोकणातल्या गाड्यांची चासी खाऱ्या हवेने पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. चिखलात, ओढ्यात फिरलेल्या गाड्यांवर अंडरकोटिंगचे थरावर थर चढलेले असतात. आरटीओत नंबराचा पेन्सिल प्रिंट मागतात, तो आधी घरी घेऊन बघा. नंबर कुठे पंच केलाय ते त्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा त्याच मॉडेलच्या जुन्या मेकॅनिककडून समजून घ्या. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने ती जागा पुसा, कोटिंग मऊ पडू द्या, मऊ ब्रशने हळूहळू सोडवा. तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर तिथे लावू नका. गंज घालवताना एखादा आकडाही पुसला तर तुमचीच गाडी संशयास्पद ठरते. जागा कोरडी झाली की पांढरा पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. आकडे पांढरे उमटतात, आजूबाजूचं काळं होतं. आता तो कागद उजेडात धरा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकड्यांची उंची आणि खोली सारखी आहे का, ते एका रेषेत आहेत का, आजूबाजूला वेल्डिंगची शिवण दिसते का, ते बघा. एखादा ‘३’ बाकीच्यांपेक्षा उथळ असेल, पट्टीचा तेवढाच तुकडा नवा दिसत असेल, तर तिथे थांबा.

नंबर गंजून पुसट झालाय पण वाचता येतो, तर घाबरायचं कारण नाही. तपासणीच्या वेळी मोटार वाहन निरीक्षकाला स्पष्ट दाखवा आणि काय परिस्थिती आहे ते अर्जात लिहा. अजिबात वाचता येत नसेल तर गॅरेजमध्ये नवा पंच मारून घेण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. नंबर पुन्हा कोरायचा तो फक्त आरटीओच्या लेखी परवानगीने. आरसीतलाच आकडा चुकलाय, टंकताना ‘बी’चा ‘८’ झालाय, असं असेल तर मूळ विक्री दाखला किंवा जुन्या आरसी बुकाच्या आधारे दुरुस्ती होते. अशी चूक बऱ्याचदा जुन्या नोंदी संगणकावर चढवताना झालेली असते. पण चासीवरचा नंबर एका गाडीचा आणि कागद दुसऱ्या गाडीचे निघाले, तर तो कागदांचा घोळ राहत नाही. त्यावर मी पुढे बोलतो.

इंजिनाचं तसं नाही. जुन्या जिपड्यात मूळ पेट्रोल इंजिनाच्या जागी डिझेल बसवलेलं सर्रास सापडतं. कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करायला आधी परवानगी लागते, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल तर पुनर्नोंदणीच्या तपासणीत गाडी अडणारच. त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं दुसरं इंजिन असेल तर त्याची खरेदी पावती दाखवून, परवानगी घेऊन नोंद करता येते; वेगळ्या इंधनाचं किंवा वेगळ्या जातीचं असेल तर माझा स्पष्ट सल्ला, मूळ प्रकारचं इंजिन शोधा. खर्चिक वाटलं तरी कागदाशी जुळणारी गाडीच टिकते.

तपासणीला गाडी नेताना ती कंपनीतून आली होती त्या रूपाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. बाहेर डोकावणारे रुंद टायर, छतावरचा लाइट बार, विंचच्या आडोशाला लावलेला लोखंडी बंपर उतरवा; बुलबारला तर केंद्र सरकारने २०१७ च्या अखेरीसच मनाई केली आहे. म्हणून गाडी घेताना विकणाऱ्याच्या गोठ्यात पडलेले मूळ टायर, मूळ बंपर, हूडच्या कमानी मागून घ्या. त्याला त्या अडगळ वाटतात, तुमचं काम त्यांच्यावाचून अडतं.

पासिंग संपलेलं असेल तर आधी पुनर्नोंदणी, मग नाव. खासगी गाडीची पहिली नोंद पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांची. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला ती १०,००० आहे. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. हा हिशोब व्यवहाराच्या वेळी झालेला नसतो आणि इथूनच विकणाऱ्याशी भांडण सुरू होतं. लेखी काही ठरलेलं नसेल तर निम्मं-निम्मं वाटून घेऊन सही मिळवा. पाच हजारांसाठी अडून बसण्यापेक्षा माणूस हातात ठेवणं महत्त्वाचं. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी नसेल तर तीही बसवून घ्या, नाहीतर त्यावरूनही काम थांबतं.

लष्कराच्या जिप्सीबद्दल मात्र मनात शंका ठेवूनच पुढे जा. लष्करी वाहनांची नोंद सैन्याकडे असते, आरटीओकडे कधीच झालेली नसते. लिलावात बाहेर आल्यावर तिची साधी गाडी म्हणून नव्याने नोंद करावी लागते आणि त्यासाठी लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेला मूळ विक्री दाखला, म्हणजे फॉर्म २१, लागतो. त्याच्या झेरॉक्सवर भागत नाही. लिलावात तो लॉट घेणारा ठेकेदार, त्याच्याकडून घेणारा आणि तुम्ही, ही साखळी पावत्यांनी जोडलेली हवी. गाडी भंगार म्हणून विकली गेली असेल तर तिचे सुटे भाग तुमचे, रस्त्यावर फिरायचा हक्क नाही. कुणी कितीही ‘करून देतो’ म्हटलं तरी. सरकारी खात्यांच्या जिपांचंही आता असंच झालंय. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवता येत नाही, ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जायला हवीत. त्यानंतरच्या काळात पाटबंधारे किंवा वनखात्याची जुनी जीप ‘लिलावातली’ म्हणून कुणी विकली असेल तर लिलावाचा आदेश बघितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

पूरग्रस्त गाड्यांचंही तसंच बघा. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात आणि जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून पुढे विकल्या गेल्या. विम्यात पूर्ण नुकसान दाखवून नोंदणी रद्द झाली आहे का, हे पोर्टलवर दिसतं.

फार जुन्या गाड्यांसाठी, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरांच्या जुन्या मालिकेतल्या नंबरांसाठी, पोर्टल काहीच दाखवत नाही. नोंद आरटीओच्या जाडजूड रजिस्टरात असते, संगणकावर आलेलीच नसते. त्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. मूळ हस्तलिखित आरसी बुक, जुनी कराची पावती आणि अर्ज दिला की मूळ आरटीओ रजिस्टरातून नोंद चढवून देतो. ते बुक फाटलंय म्हणून टाकू नका, पान पान जपा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदता येते. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शनापुरतं आणि हौसेपुरतं ज्यांना पुरेसं आहे त्यांनीच हा मार्ग धरावा.

चार जाड चाकांचे, हँडलचे एटीव्ही घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की फक्त शेतात किंवा बंदिस्त जागेत वापरायच्या अशा वाहनाला आरसी मिळत नाही. तिथे खरेदी पावती आणि आयातीची कागदपत्रं हीच मालकी. ती जपा आणि गाडी रस्त्यावर किंवा किनाऱ्यावर नेऊ नका.

सगळे प्रयत्न करून माणूस दाद देत नसेल तर लेखी मार्ग धरायचा. आरसीवरच्या पत्त्यावर नोंदणीकृत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा: व्यवहाराची तारीख, रक्कम, ताबा किती वाजता घेतला, काय हवंय आणि किती दिवसांत. पैसे बँकेतून दिले असतील तर उतारा जोडा. त्याच कागदांसह आरटीओत अर्ज द्या आणि पोच घ्या. मालकाला कार्यालयाकडून पत्र जावं अशी मागणी त्यात करा. गाडी व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर तुम्ही ग्राहक आहात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फीसुद्धा लागत नाही. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते त्याच्याकडे आहे का, हे तक्रारीत पहिल्या ओळीत विचारा.

आणि चासीचा नंबर दुसऱ्या गाडीचा निघाला, किंवा गाडी चोरीची दिसली, तर ती चालवणं त्या क्षणी थांबवा. नुकसान भरून काढायला ती पुढे कुणाला विकू नका; चोरीचा माल आहे हे कळल्यावर विकणं हा तुमचा स्वतःचा गुन्हा होतो. वकिलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा, फसवणुकीची तक्रार द्या, पेन्सिल प्रिंट आणि पैसे दिल्याचे पुरावे जोडा. गाडी जाईल, कदाचित पैसे परत मिळायलाही वर्षं लागतील. हे ऐकायला कठीण आहे, पण इथे दुसरा स्वच्छ मार्ग नाही, आणि जो आहे म्हणून सांगतो त्याच्यापासून दूर राहा.

कागद होईपर्यंत गाडी घरी उभी ठेवलेली बरी. चालवायचीच असेल तर विम्याचं आधी बघा. गाडी विकली की तृतीय पक्षाचं संरक्षण नव्या मालकाकडे येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. दरीत कलंडलेल्या जिपेच्या दाव्यावर कंपनी आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवते, नावं जुळली नाहीत की दावा नाकारते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो धरून हप्ता भरू नका.

नवी आरसी हातात पडली की त्याच दिवशी पॉलिसीवरचं नाव बघा, जुना फास्टॅग बंद करून आपला घ्या, पोर्टलवर आपला मोबाइल नंबर नोंदवा आणि नॉमिनीचं नाव लावून टाका. जुन्या मालकाला नव्या आरसीचा फोटो पाठवा, त्याच्याही डोक्यावरचं ओझं उतरतं. ताब्याच्या तारखेआधीचं एखादं चलान नंतर उगवलं तर ते कुणी भरायचं हे करारातल्या तारखेवरून आणि वेळेवरून ठरतं. म्हणून तो करार, पावत्या आणि पेन्सिल प्रिंट एकाच फाइलमध्ये लावून ठेवा. गाडी कधी विकायला काढलीत तर घेणाऱ्याला तीच फाइल आधी दाखवा.